खंडेनवमीची बॅटरी

आमचं घर आवाजाचं. शाहूपुरीत खाली अप्पांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आणि वरच्या तीन खोल्यांत आम्ही चौघं, त्यामुळे डोळे उघडायच्या आधीच कानात शिरायचा तो तार गुंडाळायच्या यंत्राचा कर्र कर्र आवाज आणि त्यावर अप्पांचं वेढे मोजणं. पंपाच्या जळलेल्या मोटारी कोडोलीपासून कुठकुठून टेम्पोत पडून यायच्या आणि त्यांच्याबरोबर आलेली माणसं रस्त्यावरूनच ओरडायची, ‘‘अप्पा, पाणी थांबलंय, आज मोटार न्हाय मिळाली तर हितंच झोपतो बगा!’’ वर अव्वाचं शिलाईचं यंत्र, मिक्सर, रेडिओ, आणि या सगळ्यांच्या वर अव्वाचा स्वतःचा आवाज. अव्वा म्हणजे आमची आई. तिचं माहेर संकेश्वरचं, म्हणून आमच्याकडे आई-बाबा नव्हते, अव्वा आणि अप्पा होते. पुरणपोळी नव्हती, होळगी होती. खाली मोटारीच्या तारांना लावायच्या व्हार्निशचा वास मात्र त्या होळगीलासुद्धा यायचा. लग्नानंतर कित्येक महिने मला जेवणात काहीतरी कमी वाटायचं, ते काय हे कळायला फार वेळ लागला.

वर्षातून एकच दिवस हे घर गप्प बसायचं, खंडेनवमीला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा सगळेच करतात, पण अप्पांचा नियम जरा जास्तच कडक होता. दुकान धुऊन, यंत्रांना भस्माचे पट्टे ओढून, पक्कड, पाने, हातोड्या, सोल्डरिंगची इस्त्री, सगळं ओळीनं मांडायचं आणि मग दुसऱ्या दिवशी दुपारची आरती होईपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. ‘‘हत्यार वर्षभर आपलं ऐकतंय, एक दिस आपण त्याचं ऐकायचं,’’ असं ते म्हणायचे. वरच्या मजल्यावर हाच नियम अव्वानं राबवला होता आणि ती अप्पांच्याही चार पावलं पुढं होती. मिक्सर, विळी, कात्री, सुयांची डबी तर झालीच, पण पंखा बंद, फ्रीज बंद, टॉर्चमधले सेल काढून शेजारी ठेवायचे, आणि भिंतीवरच्या घड्याळातलासुद्धा. ‘‘घड्याळ काय यंत्र न्हवं व्हय? त्येला बी विसावा पायजे की.’’ त्यामुळे खंडेनवमीला आमच्या घरात वेळ नसायची. नळाला पाणी आलं की पाच वाजले, एवढंच काय ते कळायचं.

आता अक्काबद्दल सांगायला हवं, कारण हे प्रकरण खरं तर तिचंच आहे. अक्का म्हणजे महानंदा, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. ब्यूटी पार्लरचा कोर्स करून मागच्या खोलीत गल्लीतल्या बायकांच्या भुवया कोरायची. हात इतका हलका, की बायका तिच्यापुढं बसल्या बसल्या डुलक्या काढायच्या. या प्रकरणाच्या दोन वर्षं आधी तिचं एक लग्न अगदी ठरत आलं होतं. मुलगा तिला आवडला होता. सुपारी फोडायच्या दिवशी पाहुण्यांसमोर नारळ फोडला आणि तो नासका निघाला. काळं पाणी, वास. पाहुणे हसून म्हणाले, दुसरा आणा. पण अव्वाचा चेहरा पांढरा पडला. ती आत गेली ती बाहेर आलीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी तिनं निरोप पाठवून ते लग्न मोडलं. अक्का भांडली नाही. फक्त दर रविवारी ती अव्वाकडून डोक्याला तेल लावून घ्यायची ते बंद झालं. एकाच घरात राहून दोन वर्षं तिनं अव्वाचा हात केसांना लागू दिला नाही. भांडण परवडलं असतं.

मग शिवानंदाचं स्थळ आलं. गडहिंग्लजकडचा, नोकरी बेंगळूरला, आईला घेऊन पाहायला आला. पोहे झाले, चहा झाला, आणि सगळे एकमेकांच्या पायांच्या बोटांकडे पाहत बसले. बिचाऱ्याला हातांचं काय करावं ते समजेना, म्हणून त्यानं बॅगेतून एक गेम काढला. हातात धरून खेळायचा, काळा, चकचकीत, मोठ्या काचेचा. आणि इथं माझ्या जिभेला हाड राहिलं नाही. मी वारणानगरला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला पहिल्या वर्षाला, म्हणजे जगातलं सगळं मला येत होतं. म्हटलं, ‘‘जुनं व्हर्जन हाय की ह्यात. नवं टाकून देतो मी, ठेवून जावा.’’ (आमच्याकडं पोरीबाळीही ‘मी देतो’, ‘मी गेलतो’ असंच बोलतात, पुण्याच्या लोकांनी हसू नये.) तो हसला, अक्काकडे बघितलं आणि म्हणाला, ‘‘ठेवतो. दसऱ्याला येतोच की, तवा न्हेतो.’’ पाहुणे गेल्यावर अव्वानं तो गेम माझ्या हातातून काढून घेतला आणि देवघराच्या फडताळात ठेवला. ‘‘वस्तू ठेवून गेलाय म्हंजे परत येणार. चांगला कौल हाय,’’ ती म्हणाली. त्या क्षणापासून तो गेम राहिला नाही, कौल झाला. त्या संध्याकाळी अक्का मला गॅलरीत म्हणाली, ‘‘शैला, ह्या वेळी काय नासकं-कुजकं निघालं, तर मी परत कुणाम्होरं पोह्यांचं ताट घिऊन जाणार न्हाय. सांगून ठेवतो.’’ ती हे रागानं बोलली असती तर मला इतकी भीती वाटली नसती. तिला शिवानंद आवडला होता, हे तिच्या आवाजात स्पष्ट ऐकू आलं.

आणि मी काय केलं? व्हर्जन टाकायचं आज टाकू, उद्या टाकू करत राहिले आणि मुहूर्त धरला तो खंडेनवमीच्या सकाळचा. म्हणजे हात दाखवून अवलक्षण. अव्वाची पूजा उन्हं आल्यावर असते, तोवर होईल काम, असा माझा हिशोब. फडताळातून गेम काढला, स्वयंपाकघरात मिक्सरच्या जागी चार्जर लावला, सुरू केलं. काचेवर पट्टी सरकायला लागली, खाली सूचना, बंद करू नका. मी आंघोळीला गेले. केस धुतले. गाणंसुद्धा म्हटलं असेन.

बाहेर आले तेव्हा स्वयंपाकघरात पाटावर ओळ लागली होती. विळी, किसणी, मिक्सरचं भांडं, टॉर्च, रेडिओ, आणि शेवटी गेम. काचेवर मधोमध हळदीचं बोट, त्यावर कुंकू. शेजारी, टॉर्चच्या सेलांच्या रांगेत, त्याची बॅटरी. ‘‘वायर काढली तरी दिवा जाईनाच बग त्येचा,’’ अव्वा झेंडूची माळ सारखी करत म्हणाली, ‘‘बटन दाबलं, काय न्हाय. मग मागचं झाकण काढून सेलच काढला. जावयाची वस्तू हाय, तिला बी विसावा.’’ माझ्या ओल्या केसांतून पाठीवर पाणी ओघळत होतं, ते एकदम बर्फासारखं लागलं. ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अशा यंत्राच्या पोटात चालायचं कसं याच्या सूचना असतात. व्हर्जन बदलताना जुन्या पुसल्या जातात आणि नव्या लिहिल्या जातात. मधेच बॅटरी काढली तर जुन्या गेलेल्या असतात आणि नव्या आलेल्या नसतात. मग त्या यंत्राला आपण कोण हेच ठाऊक नसतं. अव्वा न्हाणीत हात धुवायला गेली तेवढ्यात मी बॅटरी घालून बटण सरकवलं. हिरवा दिवा लागला. काच काळी. पुन्हा केलं. हिरवा दिवा, काळी काच. बॅटरी काढून जशीच्या तशी ठेवली आणि मागं वळले तर दारात अक्का उभी.

माझं तोंडच सांगत असावं. ‘‘मेला?’’ एवढंच म्हणाली. मी मान हलवली. ‘‘अव्वानं?’’ मी पुन्हा मान हलवली. ‘‘अव्वाला कळता कामा न्हाय,’’ अक्का म्हणाली. पाहुणे दुसऱ्या दिवशी येणार. त्यांनी ठेवलेली वस्तू आमच्या घरात, अव्वाच्या हातून, पूजेतच मेली हे कळलं असतं, तर नासका नारळ परवडला अशी गत. अव्वानं स्वतःच निरोप धाडला असता. मला तिचे शब्दसुद्धा ऐकू येत होते.

गल्लीच्या टोकाला दत्ताभाऊंचं नेट कॅफे होतं. धावत गेले तर सगळ्या संगणकांना झेंडूच्या माळा आणि दत्ताभाऊ स्टुलावर पेढा खात बसलेले. ‘‘आज बंद,’’ ते म्हणाले. ‘‘मशिनी पुजल्यात.’’ मी म्हटलं, जीवनमरणाचा प्रश्न आहे. ‘‘कुणाच्या?’’ म्हटलं, अक्काच्या. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि पेढा खाली ठेवला. मग त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या एका धुळकट संगणकाकडे गेलं, त्याला माळ नव्हती. ‘‘ते मशीन माझं न्हाय, मेव्हण्याचं हाय. त्याला पुजायचं का न्हाय, त्येचं तो बगंल. बस.’’ देव जसा माणसाला पळवाटा देतो तसा कोल्हापूरकर देवाला देतो, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

त्या संगणकावर मला उपाय सापडला, आणि तो वाचून आणखी घाबरले. बॅटरीच्या पोटात मुगाच्या डाळीएवढी एक चिप असते, तिला आठ पाय. गेम सुरू होताना त्या चिपला तिचा क्रमांक विचारतो. तिचा पाचवा पाय उचलला, की तिला उत्तर देता येत नाही, आणि उत्तर आलं नाही की गेमला वाटतं कारखान्याचा मेस्त्रीच आलाय. मग तो बटण दाबायचीही वाट न पाहता आपणहून चालू होतो आणि मेमरी कार्डावर जे असेल ते मुकाट्यानं वाचून घेतो. त्या कार्डावरून त्याच्या पोटात पुन्हा सूचना भरायच्या. म्हणजे ज्या बॅटरीनं मारलं, तिनंच उठवायचं. पण बॅटरी एकच, ती चिकटवून बंद केलेली, आणि उघडताना आतल्या पातळ पिशवीला टोक लागलं तर ती पेट घेते, असं ठळक अक्षरात लिहिलेलं. दत्ताभाऊंनी आपल्याजवळचं एक मेमरी कार्ड भरून दिलं, फोटोंची पानं छापून दिली. छपाई काळी-पांढरी, त्यातून यंत्राची शाई संपत आलेली.

उघडायला हत्यार हवं होतं. खाली दुकानात गेले. अप्पा पूजेसमोर खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होते. त्यांचा बारीक स्क्रू ड्रायव्हर, पातळ चिमटा, इस्त्री, सगळं समोर ओळीत, हाताच्या अंतरावर, भस्म लावून बसलेलं. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता. ‘‘काय पायजे?’’ अप्पांनी पेपर न हलवता विचारलं. ‘‘काय न्हाय.’’ ‘‘मग बस की.’’ मी बसले नाही. अप्पांना खरं सांगितलं असतं तर त्यांनी कदाचित दिलंही असतं, पण मग ते आमच्या दोघांमधलं गुपित झालं असतं, आणि अप्पांना अव्वापासून काही लपवता येत नसे. चोरी करायची तर त्यांच्या समोरून करावी लागणार होती. मी रिकाम्या हातानं जिना चढले आणि प्रत्येक पायरीवर स्वतःला शिव्या घातल्या.

वर अक्का तिची पार्लरची पेटी उघडून बसली होती. ‘‘ही पुजेला दिली न्हवती,’’ ती म्हणाली. ‘‘कुंकवानं दोरे खराब हुत्यात म्हणून लपवलो होतो.’’ पेटीत भुवयांचा चिमटा, नखं घासायची पातळ पट्टी, छोटी कात्री. ‘‘तू वाच, मी करतो. भुवयांपरीस हे काय अवघड हाय?’’ इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थिनीनं मुकाट्यानं कागद हातात घेतले.

दुपार कलल्यावर अव्वा ओटीचं ताट घेऊन देवळात निघाली. जाताना बजावून गेली, नळाला पाणी यायच्या आत येतो, घागरी घासून ठेवा. तिची पावलं गल्लीत वळली तसं आम्ही पाटावरचा गेम उचलला. देवापुढची वस्तू उचलताना अक्कानं डोळे मिटून घेतले आणि मग झटकन उघडले. काचेवरचं हळदकुंकू पुसलं. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो, शेजारी कुंडीतली माती परातीत काढून ठेवली, पेटलीच तर वर टाकायला. घड्याळ नव्हतं. किती वेळ आहे हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

अक्कानं नखांची पट्टी बॅटरीच्या फटीत घातली आणि इकडून तिकडे, तिकडून इकडे, केसाएवढी केसाएवढी सरकवत राहिली. प्लास्टिक कुरकुरलं की मी परातीकडे सरकायचे. एकदा ‘टक’ झालं आणि मी चक्क परातीतली माती मुठीत घेतली. ‘‘खाली टाक ती,’’ अक्का वर न बघता म्हणाली, ‘‘माझ्या डोळ्यात जाईल.’’ कवच सुटलं. आत चंदेरी पिशवी, आणि कडेला हिरव्या पट्टीवर ती चिप, दोन्ही बाजूंना चार-चार पाय. ‘‘पाचवा कुठला?’’ मी फोटो उलटसुलट केला. फोटोत सगळा काळा डाग. पहिल्या पायाजवळ ठिपका असतो, तो दिसला. एका बाजूला खाली खाली एक ते चार. मग पाचवा? मी म्हटलं, ‘‘दुसऱ्या बाजूचा वरचा. पहिल्याच्या समोरचा.’’ अक्कानं चिमटा टेकवला. तेवढ्यात मला अप्पा दिसले, म्हणजे मनात दिसले, मोटारीच्या खाचा मोजताना. खाचा गोल मोजायच्या. खाली पोचलं की वर उडी मारायची नाही, तिथूनच वळायचं, ते सांगायचे. ‘‘थांब!’’ मी इतक्या जोरात ओरडले, की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. ‘‘खालचा. चौथ्याच्या समोरचा. गोल मोजायचं.’’ अक्कानं चिमटा उचलला आणि माझ्याकडे बघितलं. ‘‘नक्की?’’ नक्की काही नव्हतं. ‘‘व्हय,’’ मी म्हटलं. तिनं पाय चिमट्यात धरला आणि भुवईचा एक केस उचलावा तसा उचलला.

कार्ड घातलं, कवच बोटांनी दाबून बॅटरी बसवली. बटणाला हात न लावताच गेम आपणहून चालू व्हायला हवा होता. झालं नाही. हिरवा दिवाही नाही. बटण सरकवलं, हिरवा दिवा, काळी काच, सकाळचीच गत. मला रडू फुटलं. ‘‘अक्का, माझं चुकलं गं. सगळं माझ्यामुळं झालं.’’ ‘‘रडायचं मागनं,’’ ती म्हणाली. तिनं बॅटरी पुन्हा उघडली, उन्हात तिरकी धरली. ‘‘बग. पाय परत टेकलाय खाली.’’ इवलासा पाय, उचलला की स्प्रिंगसारखा खाली बसत होता. मधे काहीतरी घालायला हवं, वीज न जाणारं, कागदापेक्षा जाड, चिकटणारं. अक्कानं कपाळावरची टिकली काढली. मरून, मखमली. कात्रीनं तिच्या कडेची तिळाएवढी कातरण केली, चिमट्यानं पायाखाली सरकवली, आणि उरलेली टिकली परत कपाळाला लावली.

बॅटरी बसवली, आणि हात मागं घेते न घेते तोच दिवा लागला. आपणहून. काचेवर अक्षरं उमटली. आम्ही ओरडलो नाही, एकमेकींचे दंड धरले फक्त. दुसऱ्या दिवशी माझ्या दंडावर चार निळे डाग होते. सूचना भरायला सुरुवात झाली, पट्टी सरकू लागली. आणि खाली, न्हाणीत, नळ फुसफुसला. पाच. त्याच्या मागोमाग जिन्याच्या तळाशी चपला काढल्याचा आवाज. पट्टी अर्ध्यावरही नव्हती. हात लावायचा नाही, हलवायचा नाही, आणि अव्वा वर आली की आधी देवापुढं जाणार, तिथं पाटावर रिकामी जागा.

अक्का उठली, जिना उतरून गेली आणि मधल्या पायरीवर बसली. मला वरून तिची फक्त वेणी दिसत होती. ‘‘अव्वा,’’ ती म्हणाली, ‘‘डोस्क्याला तेल लावतीस?’’

न्हाणीत नळ वाहत होता. मग अव्वाचा आवाज, पण तो नेहमीचा नव्हता, गल्लीच्या टोकाला ऐकू जाणारा नव्हता. ‘‘आज? नवमीला?’’ ‘‘तेलाची बाटली पुजेत हाय व्हय?’’ ‘‘न्हाय.’’ ‘‘मग लाव की.’’ थोड्या वेळानं बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. अव्वा बडबडत होती, केस किती कोरडे केलेत, टिकली काय उंदरानं खाल्ली काय गं तुझी, आणि पुन्हा पुन्हा हातावर तेल घेत होती. नळाचं पाणी त्या दिवशी वाया गेलं. घागरी रिकाम्याच राहिल्या आणि अव्वा जागची उठली नाही. मी गच्चीवर त्या पट्टीकडे बघत होते आणि खालचं ऐकत होते, आणि खरं सांगते, काही वेळ मला कळेना की मी कशासाठी श्वास धरून बसले आहे.

पट्टी पूर्ण झाली. बॅटरी काढली, मागच्या खोलीत गेम नुसत्याच चार्जरवर क्षणभर लावून पाहिला. गेम जिवंत होता, पहिल्यासारखा. पाटावर नेऊन ठेवला, शेजारी सेलांच्या ओळीत बॅटरी, काचेवर घाईघाईनं हळदकुंकवाची बोटं टेकवली. चिपचा पाय परत डागून बॅटरी पूर्ववत करायची राहिली होती, पण इस्त्री पूजेत. उद्या दुपारी आरती झाली की करू, म्हटलं.

पाहुणे दुपारची वाट बघत नसतात. दसऱ्याला सकाळीच आले. होळग्या अजून तव्यावर होत्या. अव्वानं ताटात सोनं म्हणून आपट्याची पानं, पान-सुपारी आणि आरतीआधीच पूजेतून उचललेला तो गेम, बॅटरीसकट, ठेवून ताट बाहेर आणलं. शिवानंदाच्या आईनं विचारलं, ‘‘नारळ?’’ अव्वा म्हणाली, ‘‘मिळाला न्हाय बगा कुठं. दसरा हाय न्हवं.’’ दसऱ्याला, कोल्हापुरात, नारळ मिळाला नाही! आमच्याच दाराखाली नारळांची गाडी लागलेली होती. अप्पांनी मान खाली घातली आणि आपटा चाचपत बसले. मला त्यावर विचार करायलाही फुरसत नव्हती, कारण शिवानंदानं बॅटरी उचलली होती. सूचनांचं कार्ड गेममध्येच राहिलंय हे मला तेव्हा आठवलं. ‘‘द्या, मी घालून देतो,’’ म्हणत मी पुढं झाले. ‘‘त्यांची वस्तू त्यांना घेऊ दे,’’ अव्वा म्हणाली आणि तिनं माझा हात धरून ठेवला.

त्यानं बॅटरी बसवली. बटणाला कुणाचं बोट लागलं नव्हतं. दिवा लागला, काच उजळली.

‘‘अय्यय्यो!’’ अव्वा ओरडली, आणि हा तिचा नेहमीचा, गल्लीला ऐकू जाणारा आवाज होता. ‘‘हात न लावता दिवा लागला! बगितला न्हवं विहीणबाई? आपसूक! ह्याच्यावर अजून कसला कौल पायजे?’’ शिवानंदाच्या आईनं गेमला हात जोडले. शिवानंद काचेवरची अक्षरं वाचत होता. बेंगळूरच्या कंपनीत तो असल्याच यंत्रांचं काम करायचा. आपोआप चालू होणारी बॅटरी म्हणजे काय हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यानं बॅटरी उलटी केली, सैल झालेलं कवच अंगठ्यानं जरासं उचललं, मिटवलं. माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटले. ‘‘व्हय की, अव्वा,’’ तो म्हणाला, ‘‘आपसूकच लागला.’’ नंतर गॅलरीत आम्ही तिघंच असताना त्यानं विचारलं, ‘‘टिकली कुणाची?’’ ‘‘माझी,’’ अक्का म्हणाली, ‘‘पाय बी मीच उचलला. काय म्हणणं हाय?’’ तो नुसता तिच्या हातांकडे बघत राहिला.

अक्का आता बेंगळूरला असते, तिचे स्वतःचे केस पिकायला लागलेत. ती बॅटरी आम्ही कधी पूर्ववत केलीच नाही. फुगून निकामी झाली तेव्हा शिवानंदानं ती हिरवी पट्टी तेवढी कापून ठेवली, टिकलीच्या तुकड्यासकट. अव्वा जाऊनही बरीच वर्षं झाली. खंडेनवमीला मी घड्याळातला सेल अजून काढते. मुलं हसतात.

त्या दसऱ्याला पाहुणे जेवून गेले, अप्पा खाली आरतीला गेले, आणि अव्वा नि मी ताटं घासायला बसलो. खाली तार गुंडाळायचं यंत्र पुन्हा कर्र कर्र सुरू झालं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते, किती बेमालूम जमलं म्हणून. अव्वा राख घेऊन परात घासत होती. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, ‘‘शैला, काल गेमला तू कुंकवाच्या वर हळद लावलीस. आधी हळद लावायची आसती, मग कुंकू. हुशार झालीस तरी एवढं ध्यानात ठेव.’’

आणि तिनं परात माझ्याकडे सरकवली, धुवायला.